'मृत साठा', 'उणे टक्के' आणि 'गाळ' : जलाशयाच्या परिभाषेची एक चिकित्सा

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळा चढू लागला, की उजनी धरणाच्या पाण्याचे वृत्त दैनिकांतून प्रत्यही येऊ लागते, आणि त्यात पाण्याचा साठा 'उणे' अमुक टक्के असा सांगितलेला असतो. पाणी ही उणे असू शकणारी वस्तू नव्हे. रांजणात पाणी असते किंवा नसते. नसण्यापेक्षाही कमी असणे त्यास शक्य नाही. तथापि मंगळवेढा, पंढरपूर, मोहोळ या भागांतील वाचकांच्या हा प्रयोग इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काही विपरीत आहे असे कोणास वाटत नाही. चमत्कारिक प्रयोग लोकांना चमत्कारिक वाटेनासा होतो, तेव्हा त्याच्या मुळाशी एखादी कल्पना न तपासता स्वीकारली गेली असण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात ती कल्पना तपासावयाची आहे.

लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे. 'उणे टक्के', 'मृत साठा' आणि 'गाळ' हे तीन शब्दप्रयोग एकाच चित्राच्या आधाराने उभे आहेत. ते चित्र असे : धरणाच्या तळाशी एक निरुपयोगी भाग राखून ठेवलेला आहे, नदी आपल्याबरोबर आणलेला गाळ त्या भागात नेऊन टाकते, वरचा, उपयोगाचा भाग मात्र धरण बांधले त्या दिवशी जेवढा होता तेवढाच राहतो. या चित्रातील एकही रेघ नदीच्या प्रत्यक्ष वर्तनाशी पूर्णपणे जुळत नाही. शब्दांनी ते चित्र पक्के केले आहे, आणि त्याचा भुर्दंड कालव्याच्या शेवटच्या टोकास राहणाऱ्या माणसास सोसावा लागतो. मंगळवेढा तालुका अशाच टोकास आहे, म्हणून या चर्चेसाठी तो तालुका डोळ्यांपुढे ठेवला आहे.

प्रथम 'उणे'चा हिशेब पाहू. माढा तालुक्यात भीमेवर बांधलेल्या या धरणाची कोनशिला ७ मार्च १९६६ रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते बसली आणि १९८० मध्ये काम पुरे झाले. जलाशयास यशवंतसागर असे नाव आहे. त्याची एकूण क्षमता ११७.२३ टीएमसी धरतात. (टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, अर्थात् एक अब्ज घनफूट. 'अब्ज' हा सुटसुटीत शब्द घरात असता तीन इंग्रजी आद्याक्षरे आपण का वापरतो हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू.) या ११७.२३ पैकी ५३.५७ टीएमसी हा 'उपयुक्त' अथवा 'जिवंत' साठा आणि ६३.६६ टीएमसी हा 'मृत' साठा होय. म्हणजे या धरणात मृत भाग जिवंत भागाहून मोठा आहे. शंभर टक्के म्हणजे ५३.५७ टीएमसी, आणि शून्य म्हणजे जिवंत भाग संपला ती पातळी. त्याखाली पाणी उतरले, की तेवढेच एकक हाती ठेवून उलटे मोजावयाचे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. वस्तुतः त्या वेळी धरणात सुमारे साडेएकतीस टीएमसी पाणी होते. उलट पावसाळ्यात दारांपर्यंत पाणी चढले, की हेच धरण १११ टक्के भरते. धरण खरोखर कोरडे ठणठणीत पडेल तेव्हा या मापनाप्रमाणे ते उणे ११८.८ टक्के असेल. ज्या मापनात भरलेले भांडे १११ आणि रिकामे भांडे उणे ११९, त्या मापनाने वाचकास नेमके काय कळावे अशी अपेक्षा आहे, हे समजणे कठीण आहे. ते कर्जाची भाषा बोलते. पाणी संपून आता आपण कोणाचे तरी देणे लागतो, असा भाव त्यातून उमटतो. आणि ज्या दिवशी हा भाव सर्वांत तीव्र असतो, त्या दिवशीही सोलापूर शहरासाठी नदीपात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडले गेल्याचे याच जिल्ह्याने अनेकदा पाहिले आहे. ते पाणी कोठून येते? मृत साठ्यातून.

'मृत साठा' हा इंग्रजी संज्ञेचा शब्दशः अनुवाद आहे. मूळ संज्ञेचा अभिप्राय एवढाच, की कालव्याच्या तोंडापेक्षा हे पाणी खाली असल्यामुळे ते आपोआप कालव्यात उतरत नाही. उजनीत ही पातळी समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटर आहे, व पूर्ण भरल्यावरची पातळी ४९६.८३ मीटर. दोहोंतील अंतर ५.८ मीटर. म्हणजे आपण ज्यास जिवंत साठा म्हणतो तो सुमारे तीन पुरुष उंचीच्या विहिरीएवढ्याच खोलीचा, परंतु इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांवर पसरलेला एक पातळ थर आहे. इंग्रजीत अचेतन, न हलणाऱ्या गोष्टींसाठी जो शब्द सर्रास चालतो तो मराठीत 'मृत' म्हणून आला, की त्याबरोबर प्रेत, सुतक, टाकून देणे ही सारी छाया येते. (भाषाशास्त्रज्ञांनी फार हसू नये, 'मृत भाषा' हा आपलाच प्रयोग आहे, आणि तोही पुष्कळदा असाच अन्यायकारक असतो.) मंगळवेढ्यात दामाजीपंतांची कथा ठाऊक नसलेला माणूस मिळणे कठीण. दुर्गादेवीच्या दुष्काळात त्यांनी बादशहाचे धान्याचे कोठार लोकांसाठी खुले केले, अशी परंपरा आहे. कोठार कुलूपबंद होते, त्यातले धान्य नेहमीच्या वाटपाचे नव्हते. म्हणून त्या धान्यास कोणी 'मृत धान्य' म्हटले नाही. उजनीचा तळातला साठा अवर्षणात नेमके त्या कोठाराचे काम करतो. त्यास 'तळसाठा' म्हटले तर अर्थ नेमका राहतो आणि सुतक लागत नाही.

परंतु नावाचा हा दोष एवढ्यावर भागत नाही. 'मृत' या शब्दाने एक अधिक गंभीर समजूत रूढ केली आहे. हा भाग गाळासाठीच आहे, गाळ तेथेच बसतो, म्हणून गाळ कितीही आला तरी आपल्या वाट्याच्या पाण्यास तूर्त धक्का नाही, अशी ती समजूत. धरणांचे आराखडे करणाऱ्या जुन्या अभियंत्यांचीही पुष्कळ अंशी हीच धारणा होती, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. अजुध्यानाथ खोसला यांनी १९५३ साली भारतातील जलाशयांसाठी गाळाचा एक दर मांडला. दर शंभर चौरस किलोमीटर पाणलोटामागे वर्षास ३.५७ हेक्टर-मीटर. पुढे प्रत्यक्ष मोजण्या होऊ लागल्या तेव्हा अनेक जलाशयांत हा दर ओलांडला गेल्याचे दिसले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाळ केवळ तळाशी न बसता जिवंत भागातही बसत असल्याचे आढळले.

असे का व्हावे, हे समजण्यास फार गणित लागत नाही. नदी माती दोन प्रकारांनी नेते. वाळू, रेव, गोटे हे पात्राच्या तळावरून लोळत, घरंगळत, उड्या घेत पुढे सरकतात. बारीक कण पाण्याच्या खळबळीमुळे अंतराळी राहतात आणि पाण्याच्याच वेगाने प्रवास करतात. नदी जलाशयात शिरते तेथे पात्र एकाएकी रुंद व खोल होते, वेग मंदावतो, आणि नदीच्या हातातील ओझे सुटू लागते. जे जड ते आधी. स्थिर पाण्यात एक दशांश मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण एक मीटर खाली जाण्यास सुमारे दोन मिनिटे घेतो. त्याच्या दशांश व्यासाचा कण सुमारे तीन तास. आणि दोन सहस्रांश मिलिमीटरचा चिकणमातीचा कण तीन दिवसांहून अधिक. कारण उघड आहे : बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तेव्हा वाळू आणि जाड माती जलाशयाच्या मुखाशीच, म्हणजे धरणाच्या भिंतीपासून सर्वांत दूर, साचून तेथे एक त्रिभुज प्रदेश तयार होतो; मध्यम माती त्यापुढे पसरते; केवळ अतिसूक्ष्म माती भिंतीपर्यंत पोचते, व तिच्यातील काही सांडव्यावरून निघूनही जाते. जलाशयाचे मुख उथळ असते. उथळ भाग म्हणजेच वरच्या पातळीचा भाग, आणि वरच्या पातळीचा भाग म्हणजेच जिवंत साठा. गाळाचा पहिला घाला 'मृता'वर नव्हे, 'जिवंता'वर पडतो.

येथे विरुद्ध बाजूचीही अतिशयोक्ती टाळली पाहिजे. नदीला ज्या जागी स्थिर पाणी भेटते ती जागा वर्षभर एकच नसते. मृगाच्या सुमारास धरणाची पातळी तळसाठ्यातही खोल उतरलेली असली, तर वर्षातील पहिले, सर्वांत गढूळ लोंढे जुन्या साचलेल्या थरांतून वाट कापीत बरेच आत येतात व आपले ओझे खालच्या पातळीत टाकतात. धरण भाद्रपदात भरलेले असताना पूर आला, तर तोच गाळ कित्येक कोस वर, काठाच्या पातळीत बसतो. गाळ कोठे बसेल हे अशा रीतीने पंचांगावर आणि दारे हलविण्याच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. 'मृत साठा' या शब्दात काळास स्थानच नाही. त्यात गाळाची जागा एकदाच आणि कायमची ठरून गेली आहे.

बाहेरची दोन उदाहरणे पुरेत. चीनमध्ये पीत नदीवरील सान्मेन्शिया धरणात १९६० मध्ये पाणी अडवण्यास प्रारंभ झाला, आणि सुमारे दोन वर्षांतच धरणापासून शंभराहून अधिक किलोमीटर वर असलेल्या तुंगक्वान येथे नदीचा तळ सुमारे साडेचार मीटरांनी चढून वेई या उपनदीच्या खोऱ्यास पुराचे भय उत्पन्न झाले. भिंतीशी गाळ बसेल म्हणून वाट पाहणाऱ्यांस तो भलत्याच ठिकाणी भेटला. शेवटी धरणाच्या तळाशी नवी दारे फोडून, पावसाळ्यातील गढूळ पाणी सोडून द्यावयाचे व नंतरचे स्वच्छ पाणी साठवावयाचे, असा क्रम त्यांनी बसवला. दुसरे उदाहरण आपल्याच पठारावरचे. मांजरा नदीवरील निजामसागर १९३१ मध्ये पूर्ण झाला तेव्हा त्यात सुमारे तीस टीएमसी पाणी मावत असे; चार-पाच दशकांत ती क्षमता निम्म्याहून खाली आली. मांजरेचे खोरे आणि भीमेचे खोरे यांत माती, पाऊस, पीक या बाबतींत पुष्कळ साम्य आहे.

आता 'गाळ' या शब्दाकडे वळू. 'गळणे' आणि 'गाळणे' ही जोडी 'पडणे-पाडणे', 'तरणे-तारणे' यांच्या वर्गातील आहे. आद्य स्वर दीर्घ होऊन अकर्मक क्रियापद सकर्मक बनते. 'गाळ' हे 'गाळणे'शी जोडलेले नाम. गाळताना वेगळे झालेले, मागे राहिलेले ते गाळ. याच धातूचे 'गाळप' हे नाम सोलापूर जिल्ह्यात दरवर्षी साखर कारखान्यांच्या हंगामात प्रत्येकाच्या तोंडी असते. तेथेही रस एकीकडे आणि शेष दुसरीकडे, हीच कल्पना आहे. तेव्हा 'गाळ' हे मुळात कोणत्या एका द्रव्याचे नाव नव्हे. ते एका क्रियेनंतरच्या अवस्थेचे, किंबहुना एका जागेचे नाव आहे. हे ध्यानी घेतले, की मराठीचा एक विलक्षण व्यवहार उलगडतो. तोच कण शेतात असतो तेव्हा ती 'माती', आणि ती वाहून गेली तर माणूस हळहळतो. ओढ्यात तो उतरला, की त्याचे स्वतंत्र नाव जाते. केवळ पाणी 'गढूळ' होते, कण पाण्याचे विशेषण बनतो. पुराने तो काठावर टाकला, तर 'पोयटा', आणि पोयट्याच्या रानाची किंमत चढते. धरणात बसला, की 'गाळ', आणि तो शिवीसारखा उच्चारला जातो. धरणातून काढून पुन्हा रानात पसरला, की तिसऱ्या वर्षी तो परत 'माती' होतो. स्त्रीलिंगी, विशेषण, पुल्लिंगी, पुन्हा स्त्रीलिंगी, असा हा प्रवास.

याचा व्यावहारिक परिणाम असा, की 'माती वाहून गेली' आणि 'गाळ साचला' ही एकाच घटनेची दोन टोके आहेत, हे मराठीत बोलताना दिसेनासे होते. एका वाक्यास कर्ता आहे तो पाऊस. दुसऱ्यास कर्ताच नाही, गाळ जणू आपण होऊन साचला. पहिल्या वाक्याची फाईल कृषी खात्याकडे, दुसऱ्याची जलसंपदा खात्याकडे. बांधबंदिस्तीचा विचार करणारा धरणाचे नाव घेत नाही, आणि धरणाचा विचार करणारा उताराच्या रानांचे. दोष भाषेचा एकटीचा आहे असे कोणी म्हणणार नाही; पण भाषेने त्यास सोय करून दिली आहे.

शास्त्रीय परिभाषेने येथे मदत करावयास हवी होती. तिने दिलेला शब्द 'अवसाद'. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा शब्द निर्दोष, किंबहुना सुंदर आहे. 'सद्' म्हणजे बसणे. 'अव' म्हणजे खाली. लॅटिनमधील ज्या धातूपासून इंग्रजी शब्द निघाला तो आणि हा 'सद्' एकाच मूळ आर्यधातूचे आहेत, त्यामुळे अनुवाद नव्हे तर सख्खा भाऊच सापडला. परंतु मराठी बोलणाऱ्याच्या मनात 'अवसाद' म्हणजे खिन्नता. 'जलाशयातील अवसादाचे प्रमाण' असे वाचून गावातील माणूस जलाशयाची कीव करील. शालेय भूगोलातील 'खनन, वहन, संचयन' ही त्रयी यापेक्षा सुलभ आहे, तथापि 'संचयन' या शब्दात बचतीचा, पुण्यसंचयाचा ध्वनी आहे. जलाशयाच्या बाबतीत तर जे घडते तो ऱ्हास होय. नदी जमवते तेव्हा धरण गमावते, हा अर्थ त्या शब्दास पेलत नाही.

'सद्' धातूचा दुसरा अपत्यवर्ग मात्र आपण विसरलो आहोत. 'प्र' लावला, की 'प्रसाद', 'प्रसन्न'. आणि संस्कृतात 'प्रसन्न' हे विशेषण निवळ पाण्यास लावतात. कण खाली बसला तो अवसाद, आणि त्यामुळे वरचे पाणी स्वच्छ झाले तो प्रसाद. एकाच घटनेची दोन अंगे एकाच धातूने सांगितली आहेत. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात कतक फळाचा, म्हणजे आपल्या निवळीच्या बीचा, दाखला आहे : ती पाणी स्वच्छ करते खरी, पण केवळ तिचे नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही. परिभाषा समित्यांच्या दारावर लिहून ठेवण्यासारखा हा दाखला आहे. मराठीने मात्र हे दुसरे अंग 'निवळणे' या क्रियापदात उत्तम जपले. पाणी निवळते, गाळ बसतो. धरण म्हणजे नदी निवळावयास ठेवलेले मोठे पातेले, असे म्हटले की शाळेतील मुलासही दोन्ही गोष्टी एकदम कळतात : पातेल्यात काहीतरी मागे राहणार, आणि बाहेर पडणारे पाणी आत येणाऱ्या पाण्यासारखे नसणार.

या दुसऱ्या गोष्टीकडे मंगळवेढ्याने विशेष लक्ष द्यावयास हवे, कारण हा तालुका धरणाच्या खालच्या अंगास आहे. निवळलेले पाणी रिकाम्या हाताने निघालेले असते. मिळेल तेथे तळ व काठ खरवडून ते आपले ओझे पुन्हा भरू पाहते. वरून येणारी वाळू यशवंतसागराच्या मुखाशी अडकली, म्हणजे खालच्या पात्रातून जी वाळू उपसली जाते तिची भरपाई पूर्वीसारखी होत नाही. धरणाखाली नीरा मिळते, माणदेशातून माण नदी येते, त्यांच्या लोंढ्यांबरोबर काही वाळू-माती येत राहते, हे खरे. पण भीमेची स्वतःची वाळू वरच थांबली. 'वाळू' आणि 'गाळ' असे आपण दोन शब्द वापरतो, त्यामुळे वरची गाळाची तक्रार आणि खालची वाळूची तक्रार या एकाच हिशेबाच्या जमा-खर्चाच्या बाजू आहेत, हेही झाकले जाते.

भीमेवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर काम करणाऱ्यांच्या बोलीत या प्रश्नाची अधिक समज आहे. पावसाळ्याच्या तोंडावर 'बर्गे काढायचे', पाऊस सरता सरता 'बर्गे घालायचे', एवढीच ती भाषा. गढूळ पाणी जाऊ द्यावयाचे व निवळलेले अडवावयाचे, हे सान्मेन्शियाच्या अभियंत्यांस मोठी किंमत मोजून जे कळले, ते या दोन क्रियापदांत सामावले आहे. उजनीसारख्या धरणास हा उपाय तसाच्या तसा लागू करता येणार नाही. पावसाळ्यातील पाणी सोडून दिले आणि परतीचा पाऊस आला नाही तर काय, हा प्रश्न पर्जन्यछायेतील प्रदेशात कोणीही विचारील, आणि त्यास सोपे उत्तर नाही. मुद्दा एवढाच, की बंधाऱ्याच्या भाषेत काळ आहे, क्रिया आहे. धरणाच्या भाषेत केवळ साठा आहे.

२०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली. नाव म्हणून ही रचना चतुर आहे. 'मुक्त' आणि 'युक्त' यांचा अनुप्रास साधून एकाच शब्दाचे मूल्य एका समासात उणे व दुसऱ्यात अधिक करून दाखविले आहे. गाळ ही जागा दाखवणारी संज्ञा आहे, हे वर मांडलेले म्हणणे त्या नावाने नकळत मान्य केले आहे. माती आणि गाळ यांचे तुटलेले नाते जोडण्याचा सरकारी मराठीतील हा बहुधा सर्वांत यशस्वी प्रयत्न होय. आक्षेप आहे तो 'धरण' या शब्दावर. योजनेचा रोख मुख्यतः लहान तलावांवर आहे. पण 'धरण' म्हटले की सोलापूर जिल्ह्यात उजनीच डोळ्यांसमोर येते, आणि सभांतून 'उजनी गाळमुक्त करा' ही मागणी होते. वाळू-मुरुमाच्या व्यवहारात सर्वांस परिचित असलेल्या मापाने हिशेब करू. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. म्हणून एक टीएमसी गाळ म्हणजे एक कोटी ब्रास. तीन ब्रासचे शंभर टिपर प्रत्येकी रोज दहा खेपा करीत राहिले, तर दिवसास तीन हजार ब्रास निघतील. वर्षात दीडशे दिवस काम चालले, तर एक टीएमसी निघावयास बावीस वर्षे लागतील. तेवढ्या काळात नदी स्वस्थ बसणार नाही. उलट एखाद्या पाझर तलावातील दहा हजार ब्रास गाळ एका उन्हाळ्यात निघतो, आणि मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातील उथळ, मुरमाड रानांस तो खरोखरच उपकारक ठरतो. ज्वारीसाठी नावाजलेल्या, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या खोल काळ्या रानास मात्र आणखी चिकणमातीची गरज नाही. तिथला प्रश्न आहे तीच माती राखण्याचा. ही काळी उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि एकदा पाण्यात उतरली की तिचे कण इतके बारीक, की ते लवकर बसत नाहीत. मंगळवेढ्याच्या रानातून निघालेली माती उजनीत जाणे शक्यच नाही, कारण धरण वर आहे. ती भीमेबरोबर कर्नाटकात, पुढे कृष्णेत उतरते. त्याच वाटेवर श्रीशैलमचा जलाशय आहे; त्याची मूळ क्षमता ३०८ टीएमसी होती, आणि नंतरच्या मोजण्यांत ती सुमारे २१५ टीएमसीवर आली. त्या तुटीत कृष्णा, भीमा, तुंगभद्रा या साऱ्या खोऱ्यांचा वाटा आहे, आणि म्हणून थोडा मंगळवेढ्याचाही.

'गाळपेर' हा महसुली मराठीतील एक उत्तम शब्द येथे नोंदवला पाहिजे. धरणाचे पाणी ओसरू लागले, की उघड्या पडलेल्या जमिनीत जी पेरणी करतात ती गाळपेर. या शब्दात गाळ हे दूषण नसून क्षेत्र आहे. आणि गाळपेर करणाऱ्यास गाळ कोठे बसतो हे सांगावे लागत नाही. पाणी मागे सरताना प्रथम उघडी पडते ती उथळ काठाची जमीन, आणि तो पेरतो त्या थरावर काही महिन्यांपूर्वी 'जिवंत साठा' उभा होता. 'मृत साठा' हा शब्द ज्यांनी रूढ केला त्यांनी हा शब्द विचारात घेतला असता, तर पुष्कळ गैरसमज टळले असते.

या सर्वांतून एक अगदी साधी सूचना निघते, आणि ती दैनिकांनी उद्यापासून अमलात आणावी इतकी सोपी आहे. ५३.५७ आणि ११७.२३ हे आकडे मूळ आराखड्यातील आहेत. १९८० पासून दरवर्षी गढूळ पाणी येत आहे, भांडे लहान होत आहे, आणि तरी टक्केवारीचा छेद तोच आहे. उणे-अधिकची सारी कसरत ज्या संख्येवर चालते ती संख्याच स्थिर नाही. 'उजनी शंभर टक्के भरली' हे वाक्य १९८५ साली आणि आज एकाच आवाजात उच्चारले जाते. त्यामागचे पाणी तेवढेच नसते. कमी पडलेले पाणी शंभराच्या आत लपते, ते कोणत्याही बातमीत दिसत नाही. दिसते ते फक्त कालव्याच्या शेवटच्या फाट्यावर, जेथे आवर्तन एक दिवस आधी संपते. म्हणून टक्केवारी सोडून देऊन सरळ लिहावे : धरणात आज इतके अब्ज घनफूट पाणी आहे, त्यापैकी कालव्यात आपोआप उतरू शकेल असे इतके, तळसाठ्यात इतके. आणि क्षमतेचा आकडा छापताना त्याच्यापुढे ती मोजणी कोणत्या साली झाली ते साल छापावे.